आयडलवर थरथरणारे इंजिन : खानदेशातील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाशी उभी असताना, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन ज्या किमान वेगाने फिरत राहते त्याला आयडल म्हणतात. या वेगावर स्टीअरिंग, आसन किंवा आरसा थरथरू लागला की गॅरेजमध्ये बहुधा पहिला सल्ला मिळतो तो ‘ट्यूनिंग करून टाका’ किंवा ‘माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते तो रबरी आधार) गेले’ असा. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर ठरतात. पण तपासणीआधी दिलेला सल्ला हा अंदाज असतो आणि अंदाजाने बदललेल्या भागांचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. म्हणून पुढील उत्तरांमध्ये भर दिला आहे तो कारण कोणत्या क्रमाने शोधावे यावर.

थोडी थरथर तर प्रत्येक गाडीत असते. मग बिघाड कशाला म्हणायचे?

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधील इंधन दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटते. मिनिटाला ७५० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला २५ ठोके पडतात आणि ते इतके लागोपाठ असतात की शरीराला वेगवेगळे जाणवत नाहीत. त्यांतील एक सिलिंडर पेटेनासा झाला की सेकंदाला सहाच्या आसपास ठोके रिकामे जातात. चार भोई पालखी नेत असताना एकाने अधूनमधून खांदा सोडावा तसा हेलकावा मग संपूर्ण गाडीला बसतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात मुळातच ठोके कमी, शिवाय रचनेमुळे इंजिन पुढे-मागे किंचित डोलते, त्यामुळे हल्लीच्या अनेक लहान गाड्या शोरूममधून निघतानाही आयडलवर थोड्या थरथरतात. तो बिघाड नव्हे.

बिघाड ओळखण्याची खूण म्हणजे बदल. पूर्वी नसलेली थरथर आता येते, आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा) काटा एका जागी न राहता खाली-वर होतो, सायलेन्सरचा आवाज एका लयीत येत नाही, किंवा गाडी उभी राहताच बंद पडू पाहते, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करावी. गरम झालेल्या पेट्रोल इंजिनाचा आयडल बहुतेक गाड्यांत ६५० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा बोनेटखालच्या पट्टीवर सापडू शकतो.

गॅरेजला नेण्यापूर्वी घरी काय पाहून ठेवावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण याचे उत्तर नीट दिले तर मेकॅनिकचे निम्मे काम होते. ‘गाडी धडधड करस, भो’ एवढेच सांगून किल्ली हातात दिली तर समोरचा माणूस त्याच्या अनुभवातील सर्वांत नेहमीच्या कारणापासून सुरुवात करतो, आणि ते आपले कारण असेलच असे नाही.

पहिले म्हणजे थरथर गार इंजिनावर येते की गरम, हे पाहावे. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन मिनिटे थरथरून नंतर शांत होणारी गाडी आणि भुसावळहून धुळ्यापर्यंत चालून आल्यावर पंपावर उभी राहताच थरथरणारी गाडी, या दोघींचे दुखणे बहुधा वेगळे असते. दुसरे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हळूच रेस द्यावी. दीड-दोन हजार फेऱ्यांवर इंजिन पूर्ण गुळगुळीत चालत असेल तर हवागळती, मळलेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पडद्याने कमी-जास्त करणारा भाग) किंवा माउंटिंग यांचा संशय बळावतो; तेथेही अडखळत असेल तर प्लग (ठिणगी पाडणारा), कॉइल (त्याला वीज पुरवणारी), इंधनपुरवठा किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) यांच्याकडे पाहावे लागते. तिसरे, एसी लावून आणि बंद करून, हेडलाइट लावून आणि बंद करून फरक पाहावा. चौथे, ऑटोमॅटिक गाडी असेल तर ब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘एन’ यांत तुलना करावी. पाचवे, सीएनजीची गाडी असेल तर दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी.

ही निरीक्षणे मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून करावीत. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यालगतच्या पडवीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा असतो.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला आहे. अशा स्थितीत गाडी चालवावी का?

दिवा स्थिर असेल तर हळू चालवून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. लुकलुकणारा दिवा सांगतो की सिलिंडरमध्ये न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जात आहे. तेथे ते जळून कन्व्हर्टरचा आतला जाळीदार भाग वितळू शकतो. काही शे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा कन्व्हर्टर गमावण्याचा हा सरळ मार्ग आहे. अशा वेळी टोचन करून नेणे स्वस्त पडते.

इंजिन ‘मिस’ मारते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही, हे कसे ठरवतात आणि कोणता सिलिंडर ते कसे कळते?

बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांमध्ये स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्याला स्कॅनर जोडला की इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेले कोड वाचता येतात. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमधील मिस दाखवतात. पी०३०० म्हणजे मिस एका सिलिंडरपुरता मर्यादित नाही. एवढ्यावर समाधान मानू नये. कोड जागा दाखवतो, कारण दाखवत नाही, आणि पी०३०२ दिसताच दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदलणारा मेकॅनिक आणि कोड न वाचता बदलणारा मेकॅनिक यांच्यात फार अंतर नाही.

पुढची पायरी बिनखर्चाची आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवावी, कोड पुसावेत आणि गाडी चालवावी. मिस तिसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल दोषी. तो दुसऱ्यावरच राहिला तर याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करावी. तरीही जागा बदलली नाही, तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा कॉम्प्रेशन उरते. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल आहे त्यांनाच ही युक्ती तशीच्या तशी लागू पडते. जुन्या गाड्यांत एक कॉइल-पॅक आणि प्लगच्या केबली असतात, तेथे केबलींचा रोध मीटरने मोजावा आणि अंधारात बोनेट उघडून ठिणगी बाहेर उडते का ते पाहावे.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर प्लगची केबल उपटण्याची पद्धत अजूनही दिसते. ती सोडून द्यावी. तेथे वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जाते. तेच काम इंजेक्टरचा कनेक्टर काढून किंवा स्कॅनरवरून इंजेक्टर बंद करून सुरक्षितपणे होते. ज्या सिलिंडरचा इंजेक्टर बंद करूनही इंजिनाची चाल बदलत नाही, तो आधीपासूनच काम करत नाही.

प्लग किती किलोमीटरला बदलावेत?

साधे निकेलचे प्लग सामान्यतः ३० ते ४० हजार किलोमीटरपर्यंत आणि इरिडियमचे एक लाखाच्या आसपास टिकतात. पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच मानावा. प्लगच्या टोकांमधील गॅप बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर असतो. काढलेले प्लग फेकण्याआधी सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहावेत. फिकट तपकिरी टोक चांगले, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओले तेलकट टोक म्हणजे सिलिंडरमध्ये तेल येते आहे, आणि पांढरे फटक टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा प्लग फार तापतो आहे. प्लगच्या खोबणीत तेल साचले असेल तर व्हॉल्व्ह कव्हरची पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइलही टिकत नाही. नवा प्लग गार इंजिनात, सुरुवातीचे आटे हातानेच फिरवून बसवावा, कारण हेड ॲल्युमिनियमचे असते आणि आटे एकदा गेले की काम वाढते.

‘इंजिन हवा घेते’ असे मेकॅनिक म्हणतात. ही गळती इतकी त्रासदायक का आणि ती कशी सापडते?

इंजिनात शिरणारी हवा थ्रॉटल बॉडीतून जावी आणि तिचा हिशेब संगणकाला कळावा, अशी रचना असते. थ्रॉटलच्या पुढे एखादा रबरी पाइप तडकला किंवा मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांची) पॅकिंग सुटली की हवा आडवाटेने आत येते. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ सर्वांत जास्त असते आणि इंजिनाला हवा लागते अगदी थोडी, म्हणून बारीकशी चीरही तेव्हा मोठी ठरते. रेस दिली की तीच चीर एकूण हवेच्या मानाने नगण्य होते आणि गाडी सुरळीत वाटते. ‘रस्त्यावर छान पळते, उभी राहिली की थरथरते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

खानदेशात या दुखण्याला हवामान हातभार लावते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. पाच-सात वर्षे जुने रबरी पाइप अशा उन्हाळ्यांनी कडक होऊन टोकाशी, क्लिपच्या आत, चिरतात. वरून पाइप धड दिसतो. म्हणून नुसते पाहू नये, हाताने वाकवून पाहावे. संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत : ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातील वाफा परत आत सोडणारा) आणि त्याची नळी, मॅनिफोल्डची पॅकिंग, इंजेक्टरखालची रबरी रिंग, आणि पेट्रोलची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह. ब्रेक दाबताच फुसफुस ऐकू येत असेल आणि आयडल बदलत असेल तर बूस्टरपासून सुरुवात करावी. हा प्रश्न थरथरीपुरता उरत नाही, ब्रेकचाही होतो.

स्कॅनरवरील ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, हा आकडा येथे फार उपयोगी पडतो. आयडलवर तो अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि २५०० फेऱ्यांवर शून्याजवळ येत असेल तर हवागळतीची शक्यता मोठी. उलट रेस आणि भार वाढवल्यावर तो वाढत गेला तर इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमी पडतो आहे. मात्र ज्या गाड्यांत हवेचे वजन न मोजता मॅनिफोल्डचा दाब मोजतात, त्यांत गळतीमुळे ट्रिम फारसा न बदलता आयडलच चढतो. तेथे या एका आकड्यावर विसंबू नये.

गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी गरम, चालू इंजिनावर कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारणे धोक्याचे आहे. आग लागू शकते. स्मोक मशीनने मॅनिफोल्डमध्ये धूर भरून तो कोठून बाहेर येतो ते पाहणे सर्वांत खात्रीचे.

थ्रॉटल बॉडी साफ केल्याने थरथर जाते का?

तिच्या पडद्याच्या कडेला काजळी आणि तेलाचा थर साचलेला असेल तर जाते. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारी बोंडाची धूळ आणि उन्हाळ्यातील काळ्या मातीची धूळ यांमुळे आपल्याकडे एअर फिल्टर लवकर भरतो, म्हणून पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच तो पाहण्याची सवय ठेवावी. साफसफाई थ्रॉटल बॉडीसाठीच्या क्लीनरने करावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा पडदा इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नये, त्यात गिअर तुटतात आणि बोटही सापडू शकते. साफ केल्यावर बहुतेक गाड्यांना आयडल नव्याने शिकवावा लागतो. ते स्कॅनरने किंवा पुस्तिकेतील पद्धतीने होते. हे न केल्यामुळे ‘सर्व्हिसिंगनंतर गाडी जास्तच बिघडली’ अशी तक्रार येते. बॅटरी काढून पुन्हा लावल्यावरही एक-दोन दिवस आयडल थोडा विचित्र वाटू शकतो.

एसी लावला की थरथर सुरू होते. कॉम्प्रेसर बदलावा लागेल का?

लगेच तसे समजू नये. एसीचा भार आला की संगणक आयडल थोडा वाढवतो. मळलेल्या थ्रॉटल बॉडीमुळे ते जमत नसेल तर गाडी दबते आणि थरथरते. दुसरे कारण आपल्या भागात दुर्लक्षित राहते. रेडिएटरच्या पुढे असलेला कंडेन्सर धूळ, किडे आणि कापसाच्या तंतूंनी भरला किंवा त्याचा पंखा मंदावला, तर गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि भर दुपारी उभी गाडी थरथरू लागते, संध्याकाळी मात्र ठीक वाटते. कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने, शक्य असल्यास मागून पुढे, धुवावा. जोराच्या प्रेशरने त्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात. चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेजही मोजावे. बहुतेक गाड्यांत ते साधारण १३.५ ते १४.५ असते, एसी आणि दिवे लावल्यावर ते फार खाली येत असेल तर अल्टरनेटर तपासावा.

माउंटिंग गेले आहे हे कसे ओळखावे?

माउंटिंग गेले तर इंजिन स्वतः नीट चालत असते. त्याची कंपने तेवढी आत पोहोचतात. काटा स्थिर, आवाज लयीत, कोड नाही, रेस दिली की बरे, आणि तरीही आसन थरथरते, असे चित्र असेल तर संशय माउंटिंगवर घ्यावा. गिअर टाकताना किंवा इंजिन बंद करताना ‘धप्प’ असा धक्का बसणे हीही खूण आहे. एकाने ब्रेक घट्ट दाबून बसावे, दुसऱ्याने बाजूने, कधीही समोरून नव्हे, बोनेटखाली पाहावे. क्लच किंचित सोडताना, किंवा ऑटोमॅटिकमध्ये ‘डी’ आणि ‘आर’ बदलताना, इंजिन फार उचलले जात असेल तर रबर फाटले आहे. काही माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो आणि तो गळाल्याचा डाग दिसतो.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ती बहुधा तीन असतात. एकच बदलायचे की तिन्ही, हा पैशाचा प्रश्न आहे. आमच्या मते फाटलेले बदलून उरलेल्यांची अवस्था पाहावी, आणि स्वस्तातले कडक रबराचे माउंटिंग टाळावे, कारण ते तुटत नाही पण थरथर पूर्वीपेक्षा वाढवते.

गाडी सीएनजीवरच थरथरते, पेट्रोलवर नाही. याचा अर्थ काय?

दोष गॅसच्या बाजूला आहे किंवा प्लग-कॉइल अगदी काठावर आहेत. सीएनजीचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर मिस मारतो. प्लग ठीक असतील तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर या क्रमाने पाहावे. दोन्ही इंधनांवर थरथर असेल तर गॅस-किटवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. गॅसच्या जोडण्या स्वतः सैल करू नयेत, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नये.

पेट्रोल भरून निघालो आणि गाडी थरथरू लागली. पंपावर भेसळ होती का?

शक्यता आहे, पण आधी एक गोष्ट पाहावी. टाकी भरताच थोडा वेळच त्रास होऊन तो थांबत असेल आणि दर वेळी टाकी पूर्ण भरल्यावरच होत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे; टाकीतली वाफ आयडलवर थेट इंजिनात ओढली जाते. काठोकाठ भरण्याची सवयही याला पूरक ठरते.

त्रास थांबतच नसेल तर इंधनाचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यावा. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. तो थर दिसला तर टाकी रिकामी करणे हाच उपाय. २०२३ पूर्वीच्या गाड्यांमध्ये जुन्या रबरी नळ्या आणि टाकीतील साचलेला गाळ यांकडेही लक्ष द्यावे.

डिझेल गाडीची तपासणी वेगळी असते का?

बरीच वेगळी, कारण तेथे प्लगची ठिणगीच नसते. फक्त गार सकाळी, पांढऱ्या धुरासह थरथर असेल तर ग्लो प्लग (गार सिलिंडर तापवणारी कांडी). सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-शहादा पट्ट्यात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा दोष उघडा पडतो. गरम झाल्यावरही थरथर आणि काळा धूर असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला आहे का ते पाहावे. त्यानंतर नोझल, म्हणजे डिझेलचे इंजेक्टर. कॉमन-रेल (सर्व नोझलांना एकाच जाड नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत प्रत्येक नोझलच्या परतीच्या नळीला बाटली लावून किती डिझेल परत येते याची तुलना करतात. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त आले तर तो नोझल आतून गळतो आहे. या साध्या चाचणीशिवाय चारही नोझल ‘रिपेअर’ला पाठवायला तयार होऊ नये. नवा नोझल बसवल्यावर त्याच्यावरील कोड संगणकात भरावा लागतो, तो न भरल्यास थरथर तशीच राहू शकते. डिझेल फिल्टरखालचे पाणी काढणे मात्र मालकानेही शिकून घ्यावे.

गाडी गावी उभी असते आणि आम्ही सुरत किंवा पुण्याला राहतो. दिवाळीला आलो की ती हमखास थरथरते.

अशा गाडीत पहिला संशय उंदरांवर घ्यावा. ते इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात. गाडी सुरू करण्याआधी बोनेट उघडून दोन्ही पाहावे. वायर तुटली असेल तर नुसता पीळ मारून टेप लावू नये, सोल्डर करून आवरण चढवावे. उंदीर दूर राहावेत म्हणून काही जण तंबाखूची पाने टांगतात. त्यापेक्षा धान्याच्या कोठीपासून गाडी लांब लावणे आणि बोनेट उघडे ठेवणे अधिक उपयोगी. त्यानंतर बॅटरी आणि जुने पेट्रोल यांचा विचार करावा. गावातील कोणाला तरी गाडी पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवायला सांगावे. नुसती जागेवर सुरू करून बंद केल्याने प्लग काळे होतात.

प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवागळती सगळे पाहिले. आता पुढे काय?

आता कॉम्प्रेशन मोजावे. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सामान्यतः १५० ते २०० पीएसआय मिळते. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा, तो दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नसावा. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले आणि कूलंटही घटत असेल तर गॅस्केटच. चारही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली आहे का ते पाहावे. व्हॉल्व्हची गॅप, म्हणजे टॅपेट, सीएनजी गाड्यांत लवकर घट्ट होते. इंजिन खोलण्याचा निर्णय घेण्याआधी ती मोजून घ्यावी.

बाटलीतले ॲडिटिव्ह टाकून काम भागेल का?

इंजेक्टरवरचा हलका थर असेल तर क्वचित. फाटलेले माउंटिंग, तडकलेला पाइप किंवा गेलेली कॉइल कोणत्याही बाटलीने दुरुस्त होत नाही.

दुरुस्ती झाली असे गॅरेजवाले सांगतात. ते कसे पडताळावे?

गरम इंजिनावर दोन मिनिटे दाखवलेली शांत गाडी पुरेशी नाही. जुने भाग मागून घ्यावेत, कोड पुसून घ्यावेत आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर चालवावी. सकाळी गार स्टार्ट, मग एसी लावून, मग ज्या परिस्थितीत थरथर येत होती नेमकी तीच परिस्थिती, असे तिन्ही प्रसंग पाहावेत. दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्कॅनर लावून ‘पेंडिंग’ कोड वाचावेत, कारण पिवळा दिवा लागण्याआधी मिसची नोंद बहुधा तेथे उमटते. नोंद रिकामी असेल आणि फ्युएल ट्रिम अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असेल, तर बिल देऊन टाकावे.